रेहेमाच्या पायाची माती

कुठल्याही घराच्या दारात गेली की रेहेमा उंबऱ्याच्या अलीकडे थांबायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "होडी!" दार सताड उघडं असो, समोर बाई भाकरी थापताना दिसत असो, ही आपली उभी. आतून कुणी "या" म्हटल्याशिवाय पाऊल पुढे टाकायची नाही. तिच्या टांझानियात दारात असंच म्हणतात, आणि आतून होकार आला की मग ते घर आपलंच. आमच्या दौंडकडच्या लोकांना वाटलं, या बाईची होडी हरवली आहे. एक आबा तर तिला मनापासून सांगत होते, "शिष्टर, भीमा तिकडं ऱ्हायली. हितं निस्ता उसाचा पाट हाय."

मला मात्र सुरुवातीला हसू यायचं नाही, चीड यायची. मी नर्स. बाळंतिणी, म्हातारी माणसं, रक्तदाबवाले असा वस्त्यांचा फेरा मला दुपारच्या जेवणाआधी उरकायचा असतो. माझ्या माहेरी, नगरकडच्या गावात, दारातून ओरडतच आत शिरायची पद्धत. "काय गं, कुठं गेलात सगळे?" म्हणत मी चुलीपर्यंत पोचलेली असायची आणि ही मागे उंबऱ्याशी खांबासारखी उभी. मी खेकसायची, "अगं ये की! तुला काय आमंत्रणपत्रिका छापायची का?" ती शांतपणे म्हणायची, "पाहुणीला घाई नसते." हे वाक्य तिने मराठीत पाठ करून ठेवलं होतं, बहुधा खास माझ्यासाठी.

आम्ही दोघी ख्रिस्ती धर्मभगिनी, लोकांच्या तोंडी शिष्टर. आमच्यात एकटीने फिरायचं नाही, जोडीनेच जायचं असा नियम आहे, आणि जोडी कुणाची कुणाशी ते वरचे ठरवतात. लग्नासारखंच, फक्त पत्रिका बघत नाहीत. रेहेमा आधी सणसवाडीला होती. तिथे कारखान्यांतल्या परप्रांतीय मजुरांच्या खोल्यांमधून फिरायची, हिंदी शिकली होती, आणि तिथल्या केरळच्या जोडीदारणीशी तिचं छान गूळपीठ जमलं होतं. तिथून उचलून तिला कासुर्डीच्या पुढे आमच्या छोट्या दवाखान्यात माझ्यापाशी आणून टाकलं. इथे सगळा कारभार मराठीत, तोही असा मराठीत की पुण्याच्या माणसाने कान टवकारावेत. आणि जोडीदार मी. गावात मला मागे "तिखट शिष्टर" म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे.

पहिला महिना आम्ही एकमेकींना कसंबसं सोसलं. ती पहाटे आंघोळ करताना मोठ्याने गायची. मला सकाळी चहाआधी माणसाचा आवाज नको असतो. तिने एकदा ज्वारीचं पीठ पाण्यात घोटून घोटून घट्ट गोळा केला आणि मोठ्या प्रेमाने माझ्या ताटात वाढला. मी म्हटलं, "याने आमच्यात पतंगाचे कागद चिकटवतात." तिचा गोळा तिने संपवला, मग माझाही संपवला. त्या रात्री मला जरा वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा गायला लागली आणि ते वाईट वाटणं उडून गेलं.

खरी धास्ती वेगळीच होती. त्याच दिवसांत सगळ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता: मुलं पळवणारी टोळी आली आहे, अनोळखी बाई दिसली की धरा. रेहेमा उंच, रुंद खांद्यांची, रंगाने काळीभोर. माझ्या स्कूटीवर मागे बसली की हायवेवरच्या गाड्यासुद्धा हळू व्हायच्या. एकदा चहाच्या टपरीपाशी पाच-सहा पोरांनी आम्हाला अडवलं. "हिचं आधार कार्ड दाखवा." मी म्हटलं, "तुझ्या आईचं बाळंतपण झालं तेव्हा टाके मी काढलेत, तुझं दाखव आधी." पोरं हसली, वाट मिळाली. पण माझ्या कमरेला धरलेला रेहेमाचा हात दवाखान्यापर्यंत सैल झाला नाही.

आमच्या फेऱ्यात एक वस्ती होती, पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या लोकांची. आता मेंढरं गेली, विहिरी झाल्या, झेंडू आणि कांदा आला. तिथल्या भागाबाईंच्या सुनेला, अश्विनीला, मुलगी झाली होती. अश्विनीचं पहिलं मूल बारशाआधीच गेलेलं. ते शेवटच्या दिवशी दवाखान्यात नेलं होतं, आणि भागाबाईंच्या शब्दांत, "लेकरू नेलं आन् गाठुडं आणलं." तेव्हापासून म्हातारीचा दवाखान्यावर विश्वास नव्हता. मी त्यांच्या घरात बाळंतिणीला बघायला जायची तेव्हा आधी ओट्यावर बसायची, पाय धुवायची, पाणी प्यायची, आणि म्हातारीने खूण केली की मगच आत जायची. वाटेवरून आलेल्या माणसाने थेट बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही, त्याच्यासोबत वाटेवरचं काय काय येतं, अशी त्यांची समजूत. दिवेलागणीला तर नाहीच नाही. एवढ्या एका घरात मी घाई करायची नाही.

त्या दिवशी आम्हाला पोचायलाच दिवेलागण झाली. मी कोपऱ्यावर स्कूटी लावून औषधांची पिशवी सोडवत होते. रेहेमा पुढे गेली, अंगणाच्या कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "होडी!" भागाबाई शेळीच्या धारेला बसल्या होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "या, या." आता आमच्या भाषेतल्या या "या"चा अर्थ ओट्यावर टेका एवढाच होता. पण रेहेमाच्या देशात एकदा होकार आला की पाहुणी सगळ्या घराची. ती हसत हसत सरळ आत गेली, पडदा बाजूला केला, आणि मी पोचले तोवर बाळ तिच्या हातात होतं. दोन्ही हातांनी उंच धरून ती मोठ्याने म्हणत होती, "किती सुंदर! किती सुंदर बाळ!"

तिला तेव्हा मराठीत येणाऱ्या शब्दांपैकी नेमके हेच निघाले. तान्ह्या बाळाला असं तोंडावर कुणी म्हणत नाही; गालाला काजळाचं बोट लावतात आणि "काय काळं ध्यान आहे" म्हणतात. अश्विनीचा चेहरा पांढरा पडला. भागाबाई दुधाची चरवी घेऊन दारात आल्या, बघितलं, आणि बाळ तिच्या हातातून काढून घेतलं. आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. परतताना मी स्कूटीवरून रेहेमाला फैलावर घेतलं. ती म्हणाली, "पण मी विचारलं होतं, सुमन. त्या या म्हणाल्या."

दोन-तीन दिवसांनी सकाळीच अश्विनीचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होती. "शिष्टर, पोरगी पीत न्हाई. निस्ती झोपती. आत्यांनी तुमाला सांगू नको म्हटलंय. तुमी या पर." आत्या म्हणजे तिची सासू. मी रेहेमाला म्हटलं, तू थांब. ती म्हणाली, "आपण जोडीने जातो." नियम माझ्याच तोंडावर फेकला.

अंगणात वस्तीतली माणसं जमली होती. दोन-चार पोरं होती, एकाने मोबाईल रेहेमाकडे धरलेला. भागाबाई दारात आडव्या उभ्या. "तुमी आत या," मला म्हणाल्या. "ती न्हाई." रेहेमा अंगणातच थांबली. मी आत गेले. बाळाच्या तळपायावर बोट दाबून बघितलं. हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळा. डोळे पिवळे. टिचकी मारली तर नीट रडेना, नुसतं कण्हलं. बाहेर येऊन म्हटलं, "मावशी, कावीळ चढलीय. आत्ताच्या आत्ता दौंडला न्यायचं, लहान मुलांच्या दवाखान्यात. उशीर केला तर पोरगी हातची जाईल."

"दृष्ट निघाल्याबिगर लेकरू उंबऱ्याभाईर जायाचं न्हाई," भागाबाई म्हणाल्या.

"अहो, दृष्ट कसली! पिवळं पडलंय ते."

"पयलं बी पिवळंच पडलं व्हतं. तवा बी तुमच्यासारक्यांचंच ऐकलं. काय आणलं?" त्यांचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं. "रोज मीठमिरच्या उतरवतीय. मिरच्या जळून कोळसा व्हत्यात, पर कुणाला ठसका न्हाई. म्हंजी किती जबर लागलीय बघा."

मी नर्स म्हणून जे जे सांगायचं ते सगळं सांगितलं. मग ओरडून सांगितलं. मग हात जोडले. बाळाचा बाप, बिरू, हातात पिकअपची चावी घेऊन उभा होता. फुलांचे क्रेट गाडीत तसेच होते. तो आईकडे बघायचा, मग पडद्याकडे बघायचा, आणि चावी मुठीत आवळायचा. आईचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती, कारण गेल्या वेळी आईचा शब्द मोडूनच त्याने पहिलं मूल दवाखान्यात नेलं होतं.

शेवटी शेजारची एक बाई म्हणाली, "ज्याची लागली त्याच्या पायाची माती लागती, भागाबाय. त्याबिगर कशी निघंल?" सगळ्यांनी रेहेमाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मागायचं कसं, हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर होता.

मी कडाडले, "खबरदार कुणी मागितली तर! ती काय चेटकीण आहे का?"

रेहेमाने मला इंग्रजीत विचारलं, "काय हवंय त्यांना?"

"काही नाही. तू गाडीपाशी जा."

"नजर मला कळतं, सुमन. माती पण कळतं. सणसवाडीत शिकले मी."

"मग कळू दे! तू माती दिलीस म्हणजे कबूल केलंस, की तुझ्या नजरेनं लेकरू आजारी पडलं. उद्या पोरगीला काही झालं तर ही पोरं तुला इथून जिवंत जाऊ देणार नाहीत. आणि आपला धर्म? वरच्यांना काय सांगशील?"

तिने एकदा मोबाईल धरलेल्या पोराकडे बघितलं. घाबरली होती ती. तिच्या ओठांवर घाम होता. मग म्हणाली, "माझी नजर कशी आहे ते देवाला माहीत आहे. त्याला सांगायला मला वेळ आहे. बाळाला नाही."

तिने सॅंडल काढले. नळापाशी अंगण ओलं होतं, तिथे जाऊन उजवा पाय दाबला आणि उचलला. मोठा, स्वच्छ ठसा उमटला. मग ती उंबऱ्यापासून चार हात लांब उभी राहिली आणि त्याच आपल्या आवाजात म्हणाली, "होडी." आणि थांबली. मी आजवर किती वेळा त्या थांबण्यावर चिडले असेन! त्या दिवशी भागाबाई "या" म्हणेपर्यंत मीही तिच्यासोबत थांबले. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "या."

"आजी, घ्या," रेहेमा म्हणाली आणि ठशाकडे बोट दाखवलं.

भागाबाईंनी वाकून चिमूटभर माती उचलली. मीठ, मोहरी, मिरच्यांत ती मिसळली, आत जाऊन बाळावरून मूठ उतरवू लागल्या. बाहेर ऐकू येत होतं: "आल्यागेल्याची, पाप्याचांडाळाची, शेजारणीपाजारणीची, परमुलखाच्या बाईची..." शेवटच्या शब्दाला रेहेमाने मान खाली घातली. तेवढं तिला बरोबर समजलं. मग मूठ दारातल्या शेगडीवर पडली. क्षणभर काहीच नाही. माझ्या मनात आलं, देवा, आता ठसका येऊ दे. मी, जी दृष्ट मानत नाही, तीच प्रार्थना करत होते! आणि धूर असा उठला की पहिल्यांदा बिरू खोकला, मग पोरं, मग मी, मग सगळं अंगण. रेहेमाला तर खोकून खोकून उभं राहवेना.

"निघाली!" भागाबाई डोळे पुसत ओरडल्या. "बिरू, बघतो काय? गाडी काढ!" अश्विनीला पिकअपमध्ये चढवेना, टाके ओले होते. तिला आधी धरून चढवलं, आणि बाळ वर द्यायची वेळ आली तेव्हा भागाबाईंनी आजूबाजूला बघितलं. सगळ्यांत उंच रेहेमाच होती. म्हातारीने बाळ तिच्या हातात दिलं. "सांभाळून," एवढंच म्हणाल्या.

दौंडला बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, पोचलात वेळेत, पण आत्ताच काही सांगत नाही. ते दोन दिवस मी वैऱ्यालाही देणार नाही. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी बसलेल्या, समोर जमिनीवर भागाबाई गुडघ्यांत डोकं घालून. वस्तीवरून फोन यायचे, बिरू बाहेर जाऊन घ्यायचा, आणि परत येताना रेहेमाकडे बघायचा. पोरगी गेली असती तर काय झालं असतं, ते मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तरी ती उठून गेली नाही. मी तिला हळू आवाजात झापत होते, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. "तू त्यांना पक्कं शिकवलंस की दृष्ट असते. पुढच्या वेळी आधी माती शोधत बसतील."

"पुढच्या वेळी तुला आधी फोन करतील," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि माती त्यांच्याच अंगणातली होती, सुमन. माझ्या पायाला लागलेली. त्यांची त्यांना दिली."

आजही मला वाटतं, वादात माझं काही चुकलं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी आतून एक रडण्याचा आवाज आला, चांगला खणखणीत, भुकेला. भागाबाईंनी मान वर केली. मी नर्स असून आधी रडले, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

ही गोष्ट वरच्यांपर्यंत गेलीच. मला विचारणा झाली. मी म्हटलं, "लेकरू वेळेत दवाखान्यात पोचलं, एवढं मला माहीत आहे. बाकी तुम्ही स्वतः येऊन अंगणात उभ्या राहा, मग बोलू." पुढे कुणी विचारलं नाही. वस्तीचं म्हणाल तर दोघींचंही खरं ठरलं: आता मूल आजारी पडलं की मिरच्याही उतरवतात आणि मला फोनही करतात, बहुतेक वेळा एकाच दमात.

रेहेमाने एक गोष्ट मात्र बदलली. "होडी" म्हटल्यावर "या" आलं तरी ती ओट्यावर टेकायची आणि दुसऱ्यांदा बोलावलं की मगच आत जायची. वस्तीतल्या बायकांना हे इतकं कळलं की त्या तिला "या, बसा" म्हणायच्या आणि पाणी पिऊन झालं की "आता आत या" म्हणायच्या. मीसुद्धा तिच्या शेजारी टेकायला लागले. आधी नाइलाजाने, मग गुडघे दुखतात म्हणून, मग सवयीने. ओट्यावर बसल्यावर घरातलं किती काय ऐकू येतं, ते मला इतक्या वर्षांच्या नोकरीत ठाऊक नव्हतं. ज्वारीचा तो घट्ट गोळाही मी खाऊ लागले. लसणीच्या चटणीबरोबर बरा लागतो.

तिच्या भारतात राहण्याची परवानगी वाढवून मिळाली नाही. कागद आला, आणि तिला जावं लागणार हे ठरलं. मी चार ठिकाणी भांडले, पण तिथे माझ्या तिखटाचा उपयोग नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही भागाबाईंकडे गेलो. पोरगी आता भिंतीला धरून उभी राहत होती. रेहेमा उंबऱ्याशी थांबली. "होडी," हळूच म्हणाली.

"या," भागाबाई म्हणाल्या. "आज पाटावर बसायचं." त्यांनी तिला अंगणात पाटावर पूर्वेला तोंड करून बसवलं. मूठभर मीठ, मोहरी, मिरच्या घेतल्या. मग स्वतःचा पाय उचलून त्याखालची माती चिमटीत घेतली. अश्विनीच्या पायाखालची घेतली, बिरूच्या घेतली, त्या लहानगीचा पाय उचलून तिच्याही घेतली. शेवटी माझ्यासमोर आल्या. "शिष्टर, पाय उचला."

मी पाय उचलला.

त्या मूठ उतरवत गेल्या. "आल्यागेल्याची, पाप्याचांडाळाची, घरच्यादारच्यांची, परमुलखाच्या माणसांची..." परमुलूख म्हणजे आता ती जिथे निघाली होती तो. रेहेमाला कळलं की नाही कोण जाणे. ती डोळे मिटून बसली होती. मूठ शेगडीवर पडली. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. आम्ही सगळे तोंडाला पदर लावून वाट बघत राहिलो. कुणालाच ठसका आला नाही.

भागाबाईंनी काळ्या झालेल्या मिरच्यांकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"बघा," त्या म्हणाल्या. "किती लागली व्हती आपली हिला."